नखाखालचं लाल

आमच्या लालबागच्या खोलीत शिरणाऱ्याला आधी वास यायचा, मग माणसं दिसायची. गरम तेलाचा, ठेचलेल्या लसणीचा, भिजवलेल्या उडदाच्या पिठाचा आणि कच्च्या अंड्याचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत पहिल्या पाळीला जायचे आणि संध्याकाळी घरी हाडं बसवायचे. हे काम त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलेलं, मालवणजवळच्या गावातून. दारावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. कुणाचा खांदा निखळला, कुणाचं मनगट मोडलं, की माणसं त्याला उचलून थेट आमच्या जिन्यावर आणायची. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आई आठ-दहा कामगारांची खाणावळ चालवायची. एकीकडे बांगड्याचं तिखलं रटरटतंय, माणसं भात कालवतायत, आणि चार हातांच्या अंतरावर कुणीतरी धट्टाकट्टा गडी लहान पोरासारखा ओरडतोय, हे आमच्या घरातलं रोजचं दृश्य होतं. एकदा एका नव्या जेवणाऱ्याचा घास हातातच थांबला. आई म्हणाली, "जेवा तुम्ही. तो आत्ता गप्प होईल." आणि तो झालाच. खट्‌ असा एक ओला आवाज आला, खांदा खोबणीत गेला, आणि ओरडणारा माणूस आपलाच हात फिरवून बघत कसंनुसं हसायला लागला.

अण्णांना ओरडण्याचं काही वाटायचं नाही. "हाडाचा आयकूचा, माणसाचा नाय," असं ते म्हणायचे. माणूस घाबरून ओरडतो, लाजून गप्प बसतो, हाड मात्र खोटं बोलत नाही. मी पुढे चाळीसेक वर्षं दुखरे सांधे हलवण्याचं काम केलं, कॉलेजात शिकवलं, तेव्हा विद्यार्थ्यांना नेमकं याच्या उलट सांगत आले, की आधी माणसाचं ऐका. ते मी कुठल्यातरी पुस्तकात वाचलं असं त्यांना वाटत असणार.

पण शरीर मला पहिल्यांदा शिकवलं ते अण्णांनीच, आणि ते जेवायच्या पाटावर. बुधवारी त्यांच्या गिरणीला सुट्टी असायची. त्या दिवशी कोंबडी आली की आई पाय कापून बाजूला ठेवायची आणि अण्णा त्यातला एक उचलायचे. कापलेल्या टोकातून एक पांढरी दोरी बाहेर आलेली असायची. ती चिमटीत धरून ओढली की मेलेल्या कोंबडीच्या नख्या आवळल्या जायच्या. सोडली की सैल. "बघा," अण्णा म्हणायचे, "मांस फक्त ओढतं. ढकलणं त्याला येत नाही. म्हणून दर सांध्याला दोन बाजूंनी मांस लागतं, एक मिटायला, एक उघडायला. एक मेलं की दुसरं कितीही जिवंत असून काय उपयोग?" मग माझा हात धरून कोपराखाली दाबायचे आणि मला बोटं मिटायला सांगायचे. बोटं मिटताना कोपराखालचं मांस त्यांच्या अंगठ्याखाली टणक व्हायचं. बोटांत मांस जवळजवळ नसतंच. मूठ आवळणारं सगळं सामान वर हाताच्या दांड्यात, बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या. हे मला तेराव्या वर्षी माहीत होतं. माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, नवव्या.

नंदाला माझ्यापेक्षा जास्तच माहीत होतं. अण्णांनी एका कापडी पिशवीत उकळून साफ केलेली बकऱ्याची हाडं ठेवली होती. डोळे मिटून पिशवीत हात घालायचा आणि हाताला लागेल ते हाड ओळखायचं. मला गुडघा आणि कोपर यांतला फरकही नीट सांगता यायचा नाही. नंदा हाड हातात घेऊन अंगठ्याने त्याची कड चाचपायची आणि सांगायची, "डावा खांदा, अण्णा. आणि हा कधीतरी मोडला होता." अण्णा पिशवीतून ते काढून उजेडात धरायचे. खरंच जुन्या जोडाची गाठ असायची. जेवणाऱ्या माणसांना ते कौतुकाने सांगायचे, "माझ्यामागे हीच. पोरगी असली म्हणून काय झालं." माझ्याकडे बघून एकदा म्हणाले, "सुमाचे हात म्हणजे पाटा-वरवंटा." सगळे हसले. मीही हसले. त्या रात्रीपासून मी नंदाशी चार दिवस बोलले नाही, आणि का बोलत नाही हे तिला कळलंही नाही.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि नंदा चाळीमागच्या पाण्याच्या टाकीवरून पडली. पसरलेल्या उजव्या हातावर. दोन बायका तिला घेऊन आल्या तेव्हा कोपराच्या जरा वर हात भलत्याच ठिकाणी वाकलेला होता आणि ती रडत नव्हती, फक्त तोंड उघडं होतं. अण्णा कामावरून नुकतेच आले होते. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी हात बघितला. आई म्हणाली, "हॉस्पिटलात नेऊया." अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा चुलीकडे वळली. लोकांच्या पोरांचे हात ज्याने बसवले, त्याने आपल्या पोरीला प्लास्टर घालायला न्यावं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

"सुमा, खांदा धर," ते मला म्हणाले. "सुटता कामा नये."

मी नंदाच्या मागे बसले, काखेतून हात घालून तिला आवळून धरलं. अण्णांनी मनगट धरून ओढायला सुरुवात केली. तेव्हा ती ओरडली. "ताई, सोड. ताई, सोड ना गं." मी सोडलं नाही. तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आपटलं, माझी जीभ चावली गेली, तोंडात रक्ताची चव आली. आणि मला खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला चांगलं वाटलं होतं. नंदाला कुणीतरी धरून ठेवलंय, आणि ती मी आहे. मग तो आवाज आला. अण्णांनी कोपर वाकवला, मनगटाची नाडी बघितली, उडदाचं पीठ आणि अंड्याचा नुसता पांढरा भाग फेटून त्याचा लेप दिला, बांबूच्या पट्ट्या लावल्या आणि खांद्यापासून मनगटापर्यंत कापड आवळून बांधलं. बांधून झाल्यावर तिच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं पडलं. सोडलं, लाल आलं. "बसलं," ते म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

रविवारी सकाळी निघण्याआधी त्यांनी पुन्हा नख दाबून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. आई शिवडीला मामाकडे निघाली होती, मामी बाळंत झाली होती, तिच्यासाठी डबे घेऊन. त्या दिवशी खाणावळ बंद होती. म्हणजे घरात मी आणि नंदा दोघीच. अण्णा म्हणाले, "दर तासाक नख दाबूचा. सोडलंस काय लाल येवक व्हया. नाय इला तर कातर घे आणि सगळा काप. हाड माका परत बसवूक येता." मला ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं, की दर तासाला नख दाबायचं, लाल आलं नाही तर सगळं कापायचं, हाड त्यांना परत बसवता येतं. कातर त्यांनी स्वतः नंदाच्या उशाशी ठेवली.

त्याच रविवारी आमच्या गॅदरिंगच्या नाचाची तालीम होती. नाच बसवणाऱ्या बाई गिरगावात खोताच्या वाडीत राहायच्या, त्यांच्या लाकडी घराच्या अंगणात आम्ही बारा मुली नाचायचो. मी पहिल्या रांगेत होते. माझ्या आयुष्यात मी पहिल्या रांगेत असलेली ती एकच गोष्ट होती. बाईंनी सांगितलं होतं, रविवारी जी येणार नाही ती मागे जाईल.

नऊ वाजता नंदा म्हणाली, "ताई, बोटांना मुंग्या येतायत." मी नख दाबलं. लाल आलं, पण सावकाश, जसं काही त्याला कंटाळा आला होता. दहा वाजता ती कण्हायला लागली. मी तिचं मधलं बोट सरळ करून बघितलं तर ती किंचाळली. आज कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने मला हे सांगितलं तर मी तिला पळत सुटायला सांगीन. सूज आत वाढत असते, बाहेरून कापड आवळलेलं असतं, मधे मांसाला रक्त मिळत नाही, आणि गुदमरणाऱ्या मांसाला जरा ताण दिला की असं दुखतं. तेव्हा मी म्हणाले, "नाटकं करू नकोस. काल ओरडलीस तेवढं पुरे."

"अण्णांना बोलव ना," ती म्हणाली.

"गिरणीतून कोण बोलावतं? झोप."

अकरा वाजता मी तिच्याजवळ पाण्याचा तांब्या आणि दोन बिस्किटं ठेवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि बस पकडली. कडी का घातली याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं असं देत होते, की ती पडू नये म्हणून. कडी घातली ती तिने शेजारी जाऊ नये म्हणून.

तालीम छान झाली. बाईंनी माझ्या गिरकीचं कौतुक केलं, एका मुलीच्या आईने सगळ्यांना बटाटेवडे दिले. मी परतले तेव्हा चार वाजत आले होते. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "दुपारी पोर फार रडत होती गं. मग थांबली. आई होती ना घरात?" मी हो म्हणाले.

नंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. बिस्किटं तशीच होती. तांब्या लवंडला होता. "आता दुखत नाही," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात त्या वाक्याइतकं भयंकर वाक्य मी ऐकलेलं नाही. दुखायचं थांबलं होतं ते दुखणं मेंदूपर्यंत नेणारी नसही निकामी झाली म्हणून. पट्टीबाहेर आलेली बोटं पांढुरकी निळी होती, गार होती. मी अंगठ्याचं नख दाबलं. सोडलं. काहीच झालं नाही. आणखी एकदा दाबलं.

कातर उशाशी होती. मी ती उचललीही. पण कापड कापलं असतं तर अण्णांनी विचारलं असतं, कधीपासून. मी कातर खाली ठेवली आणि नंदाचा कान धरला. "मी दिवसभर इथेच होते. काय? दुसरं काही सांगितलंस तर तो दुसरा हात मी मोडीन." नऊ वर्षांची पोर. ती मान हलवून हो म्हणाली.

अण्णा दहा मिनिटांत आले. बोटं बघून त्यांचा चेहरा उतरला. "लाल येत होतं?"

"हो."

"कधीपर्यंत?"

"आत्तापर्यंत. तीनला पण बघितलं मी."

त्यांनी नंदाकडे बघितलं. नंदा म्हणाली, "ताई बघत होती."

अण्णांनी हिशोब केला. रक्त अडलं तरी मांस चार-पाच तास कळ काढतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तासाभराचंच असेल तर सगळं कापून बसलेलं हाड हलू देण्याची गरज नव्हती. त्यांनी कापड अर्ध्यावर सैल केलं, हात उंच बांधला, बोटं चोळली. हळूहळू बोटांवर थोडा रंग आला. ते सुटकेने भिंतीला टेकून बसले. बोटांवर आलेला रंग बोटांपुरताच होता. वर, कोपराखाली, बोटं मिटवणारं मांस तोवर मेलं होतं.

सोमवारी सकाळी नंदाला ताप चढला, पट्ट्यांच्या कडेला फोड आले आणि तिला एकही बोट हलवता येईना. तेव्हा अण्णांनी तिला उचललं आणि सरकारी हॉस्पिटलात नेलं. आई मागोमाग, आईमागे मी. तिथल्या डॉक्टरांनी सगळं बांधलेलं कापून काढलं, लगेच आत नेऊन हात मनगटापासून कोपरापर्यंत उभा चिरला, आतली सूज मोकळी केली. बाहेर येऊन त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्या माणसांसमोर अण्णांना विचारलं, "कोणी बांधलं हे?"

"मी."

"तुम्ही कोण?"

अण्णांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बोटं कधीपासून निळी होती?"

"काल चारपासून."

"खोटं बोलू नका. आतलं मांस राखेसारखं झालंय. हे दुपारी बारा-एकपासूनचं आहे. सरळ सांगा, पोरगी ओरडत होती आणि तुम्ही ऐकलं नाहीत."

अण्णांनी मान वर केली. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांना शरीर कळत होतं. राखेसारखं मांस म्हणजे किती तास, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते परत डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "होय साहेब. मी ऐकलं नाही."

मग ते मला जिन्यात घेऊन गेले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती वाजता गेल्लंस?"

"अकराला."

"इलंस कधी?"

"चारला."

"आवशीक सांगू नको," ते म्हणाले. "तिका दोनय चेडवा व्हयी." आईला सांगू नकोस, तिला दोन्ही मुली हव्यात. आई गेली तोवर तिला कळलं नाही. चाळीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना म्हणायच्या, बापाने पोरीचा हात खाल्ला. आईही भांडणात एकदा तेच म्हणाली. अण्णा पानात वाढलेलं खाली मान घालून जेवत राहिले. आता हे लिहिताना न्यायाने हेही लिहायला हवं, की ताज्या मोडलेल्या हाडावर चहूबाजूंनी एवढं आवळून बांधणं हीच मुळात चूक होती आणि ती त्यांची होती. मी घरी असते तरी ती चूक राहिलीच असती. पण कातर होती, आणि तासाला एक याप्रमाणे मला पाच वेळा ती वापरता आली असती.

अण्णांनी हाडं बसवणं त्या दिवसापासून सोडलं. पिशवीतली हाडं कुठे टाकली कुणाला कळलं नाही. खोलीला नुसता जेवणाचा वास यायला लागला.

नंदाचा हात बरा झाला म्हणजे जखमा भरल्या. मांडीची कातडी काढून कोपराखाली लावली होती, ती धरली. पण मेलेल्या मांसाचा दोरखंड झाला आणि तो आखडत गेला. मनगट खाली वाकवलं की बोटं जरा उघडायची, मनगट सरळ केलं की पुन्हा आवळून तळव्यात जायची. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, रोज ताणलं नाही तर मूठ कायमची बंद होईल. हात गरम पाण्यात शेकायचा, मनगट सरळ धरायचं, आणि एकेक बोट उघडून वीस आकडे होईपर्यंत धरून ठेवायचं. "घरी कोण करील?" त्यांनी विचारलं. आई पुढे झाली.

"ही करील," अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

रोज सकाळी शाळेआधी, पहिल्या पाळीला जायच्या आधी, अण्णा आमच्यासमोर पाटावर बसायचे आणि आकडे मोजायचे. त्यांनी मोजलेले वीस आकडे फार लांब असायचे. मधेच नंदा ओरडली आणि माझा हात सैल झाला की ते पुन्हा एकपासून सुरू करायचे. आई कानावर हात ठेवून गॅलरीत जायची. नंदा टॉवेलचा बोळा दातांत धरायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी रडायचे. अण्णा म्हणायचे, "रड. हात सोडू नको." पहिली रांग, तो नाच, कशाचंच पुढे काही झालं नाही, मला कुणी विचारलंही नाही. मी शिकले ते एवढंच, की एखाद्याचं दुखणं आपल्या बोटांत येऊन कुठे थांबतं, आणि तिथून आणखी किती पुढे नेता येतं. पाटा-वरवंट्यासारखे हात त्या कामात हळूहळू शहाणे झाले. पुढे मी हाच पेशा घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बहिणीसाठी घेतला.

असं अडीच-तीन वर्षं चाललं. मग डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं उघडायचं तेवढं उघडलं, आता यापुढे फरक पडणार नाही. अंगठा आणि पहिलं बोट मिळून नंदाला पेला धरता येत होता. लिहायला ती डाव्या हाताने शिकली होती. आज ती माटुंग्याला राहते, तिला सून आली आहे, आणि माझ्याशी ती बाकी सगळ्या गोष्टी बोलते.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "उद्यापासून नको." त्यांचाही आवाज थकलेला होता. आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर नंदा स्टोव्हजवळ बसली होती. पातेल्यात पाणी गरम झालं होतं. अण्णा कामावर गेले होते, आई नळावर होती.

"बंद झालंय ना ते?" मी म्हणाले. "ऐकलं नाहीस का तू? आता उपयोग नाही."

"माहितेय."

"मग? दुखत नाही का तुला?"

"दुखतं."

तिने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. तेव्हा ती बारा वर्षांची होती, आवाजात राग वगैरे काही नव्हता.

"तू रडतेस ना," ती म्हणाली, "ते मला बघायचं असतं."

मी पातेलं जवळ ओढलं, तिचं मनगट सरळ केलं आणि करंगळी धरली. मोजायला कुणी नव्हतं म्हणून नंदाच मोजायला लागली.